पुण्यात ७० लिटर खारं पाणी: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

टाकी आली. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, काच ८ मिलिमीटरची. रिकामीच २० किलो भरते. काठोकाठ भरली तर ८८ लिटर पाणी मावेल, पण वाळू, दगड आणि वरची चार बोटं जागा वजा करून मी ७० लिटर धरून चालले आहे. स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. पाणसळ ठेवली तर डावा पुढचा पाय खाली. पत्र्याच्या चकत्या सरकवत बुडबुडा मधोमध आणायला पाऊण तास गेला. भरल्यावर सगळं मिळून सव्वाशे किलो होणार आणि मग ती टाकी जागची हलणार नाही, त्यामुळे हा पाऊण तास आजच घालवणं भाग होतं. काचेखाली थर्माकोलची शीट घातली.

हे सगळं सुरू झालं मालवणला. डिसेंबरात सासरी गेलो होतो, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदाच पाण्याखाली डोकं घालून पाहिलं. दम लागला म्हणून खाली पाय टेकवणार, तोच होडीवाले दादा ओरडले, "ताई, पाय ठेवू नका! दगड नाय तो, जिवंत आहे." मी पाय वर घेतला आणि खाली पाहत राहिले. तपकिरी, खडबडीत, त्यावर बारीक बारीक फुलांसारखं काहीतरी. ते प्रवाळ होतं. परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत तेच डोळ्यांसमोर होतं.

घरी एक छोटी प्रवाळटाकी करायची, आणि त्यासाठी त्या खडकावरून काहीही उचललेलं नसावं, एवढं ठरवलं आहे.

२१ जानेवारी

एका दुकानात गेले होते. त्यांनी आतून एक टब आणून दाखवला. त्यात "लाइव्ह रॉक", म्हणजे समुद्रातून उचललेले जुन्या प्रवाळाचे सांगाडे. किलोवर विकत होते. एका कोपऱ्यात दोन दगडी प्रवाळांचे तुकडेही होते. "बिल नाही मिळणार, पण माल एकदम ताजा," म्हणाले. मी तशीच बाहेर पडले. दिवसभर चैन पडली नाही.

भारतात हा छंद सुरू करणाऱ्याने सगळ्यात आधी जाणून घ्यायची गोष्ट हीच आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी दगडी प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनही आहेत. समुद्री घोडेसुद्धा. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या त्या रंगीत फांद्या आणि मेंदूसारखे गोळे आपल्यासाठी नाहीतच. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मऊ प्रवाळं आहेत, मश्रूम आणि झोआंथस नावाचे त्यांचे बिनसांगाड्याचे नातेवाईक आहेत, आणि ही सगळी छाटून वाढवता येतात.

दगडांसाठी भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे घेतले, ८ किलो. पांढरेफटक आहेत. त्यावर जे काही येईल ते माझ्यासमोर येईल.

२८ जानेवारी

आजचा दिवस पाण्याचा.

स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजला, ६२ आला. आधी वाटलं मेंब्रेन गेलं. मग लक्षात आलं की घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद केल्यावर आकडा १४ वर आला. प्यायला हे पाणी शुद्धच, पण टाकीतलं पाणी रोज उडतं आणि त्यातले क्षार, फॉस्फेट, सिलिकेट मागेच राहतात. रोज भर घालत गेलं की ते साचतात आणि शेवाळाला खाद्य मिळतं. म्हणून आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं जोडलं. आता टीडीएस शून्य. निळं रेझिन तळाकडून तपकिरी होत वर सरकेल, ते पूर्ण रंग बदलायच्या आत बदलायचं. पिण्याचं पाणी वेगळ्या नळाने घेतो. वाया जाणारं पाणी बादलीत साठवून लादी पुसायला.

मीठ साधं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं, त्यामुळे तयार रीफ सॉल्टच घ्यावं लागतं. माझ्या मापाने लिटरला साधारण ३८ ग्रॅम. मिठात पाणी ओतायचं नाही, पाण्यात मीठ थोडं थोडं सोडायचं. उलटं केलं की कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं. रात्रभर पंप फिरवून सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजला: ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ.

आधी वाळू (९ किलो, धुऊन धुऊन हात पांढरे पडले), मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडलं. तरी गढूळ झालंच. रात्रीपर्यंत निवळलं. खोलीत रात्री १८ अंश, म्हणून १०० वॅटचा हीटर २५.५ वर लावला.

४ फेब्रुवारी

सासूबाई मालवणहून आल्या. टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गो, मासो खंय आसा ह्येच्यात?"

"आई, मासे जूनमध्ये येतील."

"मगे आता काय पोसतंस?"

जंतू पोसते आहे, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण खरं तेच आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, आणि तो विषारी. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे दोघे वाळूत आणि दगडांच्या छिद्रांत वसायला महिना लागतो. ते वसायच्या आत मासा सोडला तर तो आपल्याच घाणीत गुदमरतो. "सायकल" म्हणतात ती एवढीच.

जीवाणूंना सुरुवातीचं अन्न म्हणून लोक कोळंबी कुजवतात. मला तो वास नको होता. मी अमोनियम क्लोराइड वापरते आहे. म्हणजे नवसागर! लहानपणी कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. मात्र बाजारातला घेतला नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा आणला. ७० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया हवा तर हिशेबाने लागतो ०.४४ ग्रॅम. सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजला. चिमटीचा अर्धा भागही नव्हे. कपभर पाण्यात विरघळवून टाकीत ओतला.

चिंचवडला एक दादा दहाएक वर्षं खारं पाणी सांभाळतात. त्यांनी त्यांच्या फिल्टरमधल्या मूठभर सिरॅमिक रिंगा ओल्या पिशवीत दिल्या. जणू विरजण.

१३ फेब्रुवारी

अमोनिया १. चाचणीच्या नळीतला रंग पिवळ्यावर, म्हणजे शून्यावर, आला नाही अजून, पोपटी आहे. नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळी दिसली, म्हणजे ते तयार होऊ लागलं.

१९ फेब्रुवारी

अमोनिया शून्य. नायट्राइट गडद जांभळं. पुन्हा ०.४४ ग्रॅम.

३ मार्च

काल रात्री नऊला तिसऱ्यांदा नवसागर घातला. आज रात्री नऊला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. चोवीस तासांत सगळं पचवलं! टाकीत डोळ्यांना दिसणारं काहीही नाही आणि तरी ती जिवंत आहे. नवऱ्याला हाक मारून चाचणीच्या तिन्ही नळ्या दाखवल्या.

अर्धं पाणी बदलून नायट्रेट १० वर आणलं.

११ मार्च

दगडांवर, वाळूवर, काचेवर तपकिरी साय. डायटम, एक सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत सिलिकेट असतं तोवर येतात आणि जातात. काच पुसते, बाकी हात लावत नाही.

२४ मार्च

पहिली प्रवाळं. चिंचवडच्या दादांनी दोन फ्रॅग, म्हणजे वाढलेल्या प्रवाळाचे छाटलेले तुकडे, दिले. शेजारीण जास्वंदीची फांदी खुडून देते, तसेच. पैसे घेतले नाहीत. "वाढलं की तुम्ही कुणाला तरी द्या," एवढंच.

एक ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लालसर मश्रूम, डिस्कोसोमा. स्टार पॉलिप म्हणजे जांभळ्या रबरी चटईचा रुपयाएवढा तुकडा. प्रवासाने मिटलेला, मेल्यासारखा दिसत होता. जेल गोंदाने वेगळ्या दगडावर चिकटवला. मुद्दाम वेगळ्या, कारण हा पसरला की बाकीच्यांना झाकून टाकतो. दिवे मंद ठेवले.

संध्याकाळी साडेसातला स्वयंपाक करता करता सहज नजर गेली. चटईतून एक हिरवा तारा बाहेर आला होता. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीला पिसासारखी किनार. मग दुसरा. मी गॅस बंद केला आणि काचेपाशी बसले. तासाभरात चौदा मोजले.

त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात साखर बनवतं आणि तिच्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणूनच निळ्या दिव्यावर एवढा खर्च करावा लागतो. मी दिवसाला आठ तास देते.

१७ एप्रिल

हीटर केव्हाच काढून ठेवला. दुपारी खोलीत ३४, टाकीत ३०.४.

चिलरची किंमत विचारली. टाकी, स्टँड, दिवा सगळं मिळून झाला त्याहून जास्त. त्याऐवजी १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले. पाण्याची वाफ होताना ते स्वतः गार होतं, माठाचं तत्त्व. पुण्यातला उन्हाळा कोरडा, म्हणून हे चालतं. मुंबईच्या दमट हवेत इतकं साधणार नाही. दोन तासांत २८, रात्री २७. पण आता रोज दीड ते दोन लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळे भर नेहमी गोड्या पाण्याची, शून्य टीडीएसच्या. काचेवर काळ्या टेपची रेघ लावली. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरायचं.

परवा, १५ एप्रिलला, अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, आणि तो आठवडेच्या आठवडे टिकला, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जिवंतच असतं, पण उपाशी.

९ मे

लक्षद्वीपच्या प्रवाळांचं मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचं सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी सांगितलं आहे. गेल्या ऑक्टोबरपासून तिथल्या समुद्रात उष्णतेची लाट टिकून आहे. सकाळी वाचलं आणि टाकीजवळ जाऊन थर्मामीटर पाहिला. २७.६. मी दोन पंखे लावू शकते. तिथे कोण लावणार?

संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली, साडेचार तास. इन्व्हर्टरवर टाकी नव्हती. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवला होता, तो लावला. पाणी फिरायचं थांबलं की आधी प्राणवायू संपतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवून वेव्हमेकरची (पाणी फिरवणाऱ्या पंपाची) एक लाइन इन्व्हर्टरवर घ्यायची आहे.

१६ जून

मासे आले! दोन ओसेलारिस क्लाउनफिश, हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेले. ही गोष्ट आपल्या देशात आता अवघड राहिलेली नाही. सीएमएफआरआयने क्लाउनफिशची पैदास बसवली. आपल्या ऐरोलीतल्या सागरी जैवविविधता केंद्रात एनबीएफजीआर (माशांच्या आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था) आणि कांदळवन विभागाच्या मंडळींनी शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केली. अगत्ती बेटावर तर शोभिवंत कोळंबीच्या पैदाशीत स्थानिक बायका काम करतात. एवढं असताना लोक अजूनही खडकावरून पकडलेला, अर्धमेला मासा शंभर रुपये स्वस्त म्हणून घेतात, हे मला मनापासून खटकतं.

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळवलं. मग बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत, तासभर. नंतर जाळीने मासे टाकीत. पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिला दिवस दोघे वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. खाल्लं नाही.

१९ जून

फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ला. मोठा किंचित पुढे येतो, लहान त्याच्यासमोर आडवा होतो आणि अंगभर थरथरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजारी आहे असंच वाटलं. ती शरणागती असते. हे मासे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. लहान थरथरून सांगतो की मोठेपण तुझं.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "ह्ये खावचे न्हंयत ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

१४ जुलै

मश्रूमच्या दगडाच्या खालच्या बाजूला एक पारदर्शक, ताडाच्या झाडासारखं काहीतरी. अर्धा सेंटीमीटर. सुई जवळ नेली की क्षणात आत. ऐप्टेझिया! तणासारखं पसरणारं, प्रवाळांना डसणारं समुद्रफूल. खुरपून काढलं तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवं येतं, म्हणून मारायचं असेल तर मुळातून मारायचं.

उपाय चुन्याचा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड (पानाचा चुना नको, त्यात काय असेल सांगता येत नाही) पाण्यात कालवून दह्याएवढं घट्ट केलं, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलं. पंप बंद. टोक हळूहळू जवळ नेऊन थेट त्याच्या तोंडावर सोडलं. मिटायच्या आत भरलं गेलं. दहा मिनिटांनी पंप सुरू. उद्या पुन्हा पाहायचं.

झोआंथसचाही एक गुच्छ मिळाला, नारिंगी डोळ्यांचा. तो हाताळताना हातमोजे आणि चष्मा, न चुकता. यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल. त्यांचा दगड गरम पाण्यात उकळला, तर त्या वाफेनेही माणूस दवाखान्यात पोचतो. हे विकणाऱ्याने सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं, चिंचवडच्या दादांनी सांगितलं.

१३ सप्टेंबर

गणपतीला मालवणला गेलो होतो, ५ तारखेच्या रात्री निघालो, काल परतलो. शेजारच्या काकांना किल्ली देऊन गेले होते. रोज रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि चिमूटभर खाद्य. काकांनी एकही दिवस चुकवला नाही, रोज फोटोही पाठवला. पण मी स्टँडखाली दोन सारखे पांढरे कॅन ठेवले होते, एक गोड्या पाण्याचा, एक पाणी बदलायला कालवलेल्या खाऱ्याचा. चिठ्ठी लावायची राहिली. काकांनी पुढचा उचलला. तो खारा.

पाच लिटर गेलं. रिफ्रॅक्टोमीटर ३७.५ दाखवतो आहे. स्टार पॉलिपची चटई पूर्ण मिटलेली. मश्रूम मोठ्या पुरीएवढं होतं, आता बोराएवढं. मासे ठीक. काकांचा चेहरा इतका पडला की मीच त्यांना बसवून चहा दिला. चूक माझी होती आणि तेच त्यांना सांगितलं.

एका दिवसात उतरवायचं नाही. त्या झटक्याने आहे तेही जाईल. रोज सव्वा लिटर काढायचं, तेवढंच गोडं घालायचं.

१७ सप्टेंबर

३५.१. मश्रूम अर्धा उघडला. आता एका कॅनवर लाल टेप, ठळक "खारं", दुसऱ्यावर निळी, "गोडं". लाल कॅन स्टँडखालून काढून गॅलरीत.

२३ सप्टेंबर

रात्री आठला पहिला हिरवा तारा.

१० नोव्हेंबर

चटई दगडाच्या कडेवरून खाली उतरली आहे. मार्चमध्ये रुपयाएवढी होती, आता तळहात झाकेल. सिरॅमिकचा पांढरा रंग कुठेच उरला नाही. जांभळट, गुलाबी, शेवाळी ठिपके. रात्री टॉर्च मारला तर दगडावर केसाएवढे पांढरे किडे सैरावैरा धावतात. चिंचवडच्या रिंगांबरोबर आले असणार.

कोथरूडच्या एका मुलीने, कॉलेजात आहे, दीड फुटी टाकी लावली आहे आणि एक फ्रॅग मागितला आहे. आज सकाळी धारदार ब्लेडने चटईची कड उचलली. ओल्या चामड्यासारखी चिवट, दगडापासून सुटताना बारीक चरचर आवाज. अंगठ्याएवढा तुकडा कापून छोट्या सिरॅमिकच्या चकतीवर दोरा गुंडाळून बसवला. वाळूवर, मंद उजेडात ठेवला आहे. संध्याकाळपर्यंत त्यावर तीन तारे.

दुसरं काही बोलायच्या आधी तिला दोन कॅनचं सांगितलं. मंगळवारी ती येणार आहे; येताना तिच्या टाकीचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं आहे. अमोनिया शून्य निघाला तर तुकडा त्याच दिवशी तिच्यासोबत.